होडी हलत नाही

नावघरात बायकांना मज्जाव होता.
मी वळचणीला टोपली ठेवायचे,
भाजलेलं निरफणस, दोन मासे,
आणि परत फिरायला मुद्दाम वेळ लावायचे.

आत इकेलापमामा शिकवायचा.
चटईवर बत्तीस खडे, गोल;
एकेक खडा एकेका ताऱ्याच्या उगवायचा, मावळायचा.
मधोमध झावळीच्या पात्याची होडी,
बोटाएवढी.
पोरं विचारायची, होडी पुढे कशी न्यायची?
न्यायची नाही, मामा म्हणायचा.
होडी हलत नाही.
बेटं चालत येतात.

पोरं फिदीफिदी हसली.
बेटं म्हणजे काय डुकरं, हाकेसरशी यायला?
मीही हसले, बाहेर, तोंडावर हात दाबून.
मामा चिडला नाही.
म्हणाला, चार दिवस समुद्रात बसा.
रोज तीच गोल कड, तेवढंच पाणी, तुम्ही मधोमध.
मग सांगा मला, हललं कोण.
बाजूचं एखादं बेट मनात धरा, न दिसणारं.
ते एका ताऱ्याखालून निघून
दुसऱ्या ताऱ्याखाली गेलं
की समजा, एवढी वाट सरली.

आता तो यापच्या दवाखान्यात आहे, खाट नंबर सहा.
मी इथेच कामाला. चादरी बदलते, भांडी उचलते.
आमच्या बेटावरून जहाजाने आणला त्याला
(बेट केवढं, तर या टोकाला शिंकलं
की त्या टोकाला ऐकू जातं).
तीन दिवस डिझेलचा वास.
उतरल्यावर एवढंच म्हणाला, जहाज फार हलतं.

धक्क्यावरून येताना तामागच्या गाडीत
फोन लावलेला होता समोर, नकाशाचा.
निळा ठिपका जागच्या जागी,
आणि रस्ता, पूल, चर्च, सगळं त्याच्या खालून
मागे मागे सरकतंय.
मामा बघत राहिला. मग खोकत हसला.
‘याला कुणी शिकवलं?’

काल रात्री वीज गेली.
पंखा दमत दमत थांबला.
सबंध वॉर्डात श्वास ऐकू यायला लागले,
कुणाचा कुठला ते कळेना.
मामा म्हणाला, खिडकी कुठल्या अंगाला?
उगवतीला.
काय वर आलंय?

मला ठाऊक असायला नको होतं.
तरी म्हणाले, श्रवण. छपराच्या हातभर वर.
त्याच्या मागून धनिष्ठा, नुकतीच.
अभिजित डावीकडे, केव्हाच चढलाय.
ज्येष्ठा इथून दिसत नाही,
पण उजवीकडे, पाण्याच्या टाकीच्या मागे असेल.

बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं झोपला.
‘म्हणजे म्हणून,’ तो म्हणाला,
‘निरफणस रोज थंड असायचं.’

मी त्याचा पाय चेपत बसले.
शाळेत एकदा मास्तरांनी सांगितलं होतं,
श्रवणाचा उजेड इथवर यायला
सोळा-सतरा वर्षं घेतो.
बोटांवर मोजलं.
म्हणजे हा जो आत्ता माझ्या मनगटावर पडलाय,
इतका थोडा की डोळा हटवला तर हरवेल,
तो निघाला तेव्हा
मी बारा वर्षांची, वळचणीला, हातात टोपली,
आणि आत कुणीतरी म्हणत होतं, न्यायची नाही.

तेवढा सगळा वेळ तो चालत होता,
आणि मी, मला वाटतं, उभीच होते.

मामाने विचारलं, बाजूचं बेट धरलंस?
धरलं, मी म्हणाले. खोटं नव्हतं.
खाट हलत नव्हती.
खिडकीची चौकट हलत नव्हती.
तिच्याखालून काहीतरी प्रचंड, न वाजता,
उगवतीकडे निघालं होतं,
टाकी, धक्का, नांगरलेलं जहाज, खाट नंबर सहा,
सगळ्यांना घेऊन.
मामाचा पाय माझ्या हातात गरम.

पहाटे चारला वीज आली.
पंखा कुरकुरत फिरायला लागला.
मी उठून, कुणाला न विचारता, बंद केला.
आमचं बेट अजून
अर्ध्या वाटेवर होतं.